जुनी विमान-पोस्टर्स जमवताना आधी कागद पाहावा

एअर इंडिया, अमेरिकेची टीडब्ल्यूए (ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स), एअर फ्रान्स यांसारख्या विमान कंपन्यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत काढलेली पोस्टर्स मुख्यतः तिकीट एजंटांच्या भिंतींसाठी होती. त्यामुळे कोपऱ्यांतील टाचण्यांची भोके, घडीच्या खुणा किंवा एजंटाचा शिक्का पाहून नाक मुरडू नये. संशय घ्यावा तो कोऱ्या करकरीत कागदाचा.

नाशिकमध्ये गोदाकाठचा बुधवारचा बाजार, रद्दीची दुकाने आणि पाडायला काढलेल्या वाड्यांतील सामान यांवर नजर ठेवावी. तेथे अख्खे पोस्टर क्वचितच हाती लागते; मात्र वेळापत्रके आणि बॅगांवर चिकटवायची लेबले स्वस्तात मिळाली, तर त्यांवर डोळा तयार होतो. पुढचा टप्पा मुंबईचा चोर बाजार आणि त्यानंतर लिलाव. संग्रहाला एखादे सूत्र असावे. बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून १९४६ साली साकारलेला एअर इंडियाचा बोधचिन्ह-पुरुष महाराजा हे आपल्याकडचे सर्वांत सोयीचे सूत्र होय.

काळ ठरवताना कंपनीचे नाव आणि चित्रातील विमान पाहावे. ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ हे नाव १९४८ पासून १९६२ पर्यंत चालले. बोइंग ७०७ हे जेट विमान एअर इंडियाच्या ताफ्यात आले १९६० मध्ये. अमेरिकी चित्रकार डेव्हिड क्लाइन यांनी टीडब्ल्यूएसाठी केलेल्या काही पोस्टर्सच्या आधीच्या आवृत्तीत पंख्याचे कॉन्स्टेलेशन विमान, तर नंतरच्या आवृत्तीत जेट दिसते.

खरी परीक्षा भिंगाखाली होते. ऑफसेट छपाईत चित्रात ठिपके असणे स्वाभाविक आहे, म्हणून केवळ ठिपके दिसले की नक्कल, असे म्हणता येत नाही. परंतु मोठ्या अक्षरांच्या कडा नितळ असण्याऐवजी ठिपक्यांत विरघळलेल्या दिसल्या, तर ते पोस्टर बहुधा दुसऱ्या छापील प्रतीचा फोटो काढून केलेले असते. मापही घ्यावे: टीडब्ल्यूएची पोस्टर्स साधारण २५ बाय ४० इंचांची असत, तर आजच्या नकला बहुतेकदा २४ बाय ३६ इंचांच्या असतात. नोटांच्या छपाईशी ज्या नाशिकचे इतके जुने नाते आहे, तेथे असा फरक ओळखणारा एखादा जाणकार निवृत्त छपाई कामगार ओळखीत निघणे अवघड नाही. जमल्यास त्याला सोबत न्यावे.

लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी. फाटलेला कागद जपानी कागद व गव्हाच्या खळीने जाणकाराकडूनच सांधून घ्यावा, कारण ही खळी पुढे पाण्याने सोडवता येते. पावसाळ्यात दमट कपाटात बुरशी आणि कसर लागते. म्हणून पोस्टर आम्लमुक्त कागदात सपाट ठेवावे आणि अधूनमधून उघडून पाहावे. फ्रेम करताना काच कागदाला टेकू न देता मध्ये माउंट बोर्ड (चौकटीसारखा कापलेला जाड पुठ्ठा) घालावा, आणि ती फ्रेम ऊन येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नये. परदेशातून मागवल्यास पोस्टर जाड नळीत गुंडाळून पाठवण्यास सांगावे व सीमाशुल्क धरूनच बोली लावावी.