वळणावरचा रूळ कुठे झिजतो, ते कसं पाहावं

वळणावर तपासणीला गेलो की मी सगळ्यात आधी बाहेरच्या रुळाच्या पायाशी वाकून बघतो. तिथे चकचकीत लोखंडी कीस पडलेला दिसला, तर चाकाची कड (चाकाच्या आतल्या बाजूची उंच किनार) रुळाला खरवडते आहे हे नक्की. (लाइन ब्लॉक, म्हणजे त्या रुळावरची गाड्यांची ये-जा ठरावीक वेळ बंद, आणि सोबत पहारेकरी असल्याशिवाय वाकू नका, हे आधी.)

कारण समजून घ्या. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. चाक थोडं शंकूसारखं असतं, उतार साधारण 1:20. त्यामुळे जोडी बाहेर सरकते आणि बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर फिरतं. सौम्य वळणावर एवढं पुरतं. तीव्र वळणावर मात्र बोगीची (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याची) पुढची जोडी तिरकी होते आणि तिची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला घासत जाते.

आता तिथे बोट फिरवा. कोपऱ्याची गोलाई जाऊन सपाट उतार लागला की झीज पुढे गेलेली आहे. दर वेळी खुणेच्या त्याच स्लीपरपाशी (रुळांखालच्या आडव्या तुळईपाशी) मोजा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

आतला रूळ विसरू नका. त्याचा माथा चेपतो, कधी त्यावर बारीक लाटा उठतात.

वंगण फक्त बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला लावा. माथ्यावर गेलं तर ब्रेक लावताना चाकं घसरतात.