उझी की घरमाशी? फोटोवरून ओळखताना या चुका टाळा

पाठीवर चार पट्टे म्हणजे घरमाशी, हे गणित आधी डोक्यातून काढा. उझी म्हणजे रेशीम अळीवर अंडी घालणारी परजीवी माशी, तिच्या पाठीवरही चार काळे पट्टे असतात. तीन दिसले तर बहुधा मांसमाशी, एवढाच त्या मोजणीचा उपयोग.

मोहोळकडच्या एका रेशीम संगोपनगृहात या मोजणीनेच घात केला. खिडकीच्या जाळीवरच्या माशीचा वरून काढलेला एकच फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, 'घरमाशी आहे, सोडा' असं उत्तर आलं आणि जाळीचं भोक तसंच राहिलं. पाचव्या अवस्थेतल्या अळ्यांवर काळे डाग उमटले, चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, चढवल्यावर कोषांना भोकं पडली. अशा कोषाचा धागा सलग निघत नाही, भाव पडलाच. तोच फोटो मोठा करून बघितला असता तर पोटाच्या टोकाला उभे राठ केस दिसले असते. घरमाशीचं पोट त्या मानाने गुळगुळीत, बाजूंना पिवळसर.

पक्की खूण मात्र वरून दिसतच नाही. पाठीच्या शेवटी ढालीसारखा भाग असतो. त्याच्याखाली गोल उशीसारखा फुगवटा असेल तर माशी टॅकिनिड कुळातली, आणि उझी त्याच कुळातली. तो दिसायला कॅमेरा माशीच्या पातळीला, थोडा मागून धरावा लागतो. तिसरा फोटो तोंडाचा: मिशीवरचा बारीक केस घरमाशीत पिसासारखा, उझीत साधा. पंखाची वाकलेली शीर पाहून निकाल देऊ नका, ती दोघींतही वाकते.

माशी उडते ही सबब नको. डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवा. फ्लॅशवर टिश्यू पेपर लावा, नाहीतर केस चकाकीत जातात. फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.

ॲपने सांगितलेलं नाव लगेच खरं मानणाऱ्या उतावळ्यांना काय सांगावं! फोटोवरून कुळ कळतं, फार तर वंश. प्रजातीसाठी बहुतेकदा नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यापेक्षा माशी कुठल्या अळीतून निघाली ते लिहून ठेवा. शेडच्या फटीतले माशीचे तपकिरी कोष गोळा करा, ओलसर वाळूच्या बरणीत ठेवून तोंडाला कापड बांधा. साधारण दहा-बारा दिवसांत माशी बाहेर येते. मग ते तीन फोटो काढा.