कोब्याची जमीन आणि सागवानी कपाटे : उबदार स्वयंपाकघर कसे सजवावे

आज मासिकांतून ‘काँक्रीट फ्लोअर’ या नावाने जी जमीन मिरवली जाते, ती बडोद्यातील जुन्या मराठी घरांना नवी नाही. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात कोबाच होता. ओट्यासमोर उभे राहण्याची जागा पावलांनी घासून इतकी गुळगुळीत झाली होती की दुपारचे ऊन तिच्यावर पडले की ती ओली असल्यासारखी दिसे. नव्या पद्धतीत या राखाडी जमिनीला लाकडाची जोड दिली जाते, आणि ती हवीच, कारण नुसता राखाडी रंग स्वयंपाकघराला गोदामाची कळा आणतो. मात्र असे घर करताना कोणते लाकूड घ्यावे यावर जितकी चर्चा होते, तितकी कोणते काम आधी करावे यावर होत नाही. बहुतेक चुका तिथेच होतात, आणि त्यांपैकी एक मीही केली आहे.

सुरुवात आपले घर तळमजल्यावर आहे की वरच्या मजल्यावर, हे पाहून करावी. सदनिकेत जुन्या फरशीवर ५० मिलीमीटर जाडीचा कोबा घातला तर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो वजन वाढते. म्हणजे ८ बाय १० फुटांच्या साध्या स्वयंपाकघरात स्लॅबवर जवळजवळ ९०० किलोंचा जादा भार येतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय हे करू नये. त्याऐवजी मायक्रोटॉपिंग नावाचा २ ते ३ मिलीमीटरचा सिमेंटी थर फरशी घट्ट असल्यास तिच्यावरच देता येतो. तळमजल्यावर वजनाची काळजी नसते, पण जमिनीची असते. बडोद्याच्या आसपास काळी माती पुष्कळ आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर तडकतो. म्हणून काळी माती काढून मुरूम भरून तो चांगला ठोकून घ्यावा, वाळवीचे औषध मारावे, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून पक्के काँक्रीट टाकावे आणि मगच कोब्याकडे वळावे.

आता माझी चूक सांगतो. आमच्या गवंड्याला ओट्याची घाई होती, मलाही होती, म्हणून ३४ इंचांचा ओटा आधी बांधला गेला आणि कोबा नंतर आला. जमीन दोन इंचांनी वर आली, ओटा ३२ इंचांचा उरला आणि घरातले सगळे गेली काही वर्षे पोळ्या वाकून लाटत आहेत. दारही खाली घासू लागले, ते सुताराकडून कापून घ्यावे लागले. तेव्हा तयार जमिनीची पातळी आधी भिंतीवर खडूने आखून घ्यावी आणि ओटा, सिंक, दार, कपाटे यांची सर्व मापे त्या रेघेपासून घ्यावीत. ओट्याची उंची जो रोज स्वयंपाक करतो त्याच्या कोपराच्या ४ ते ६ इंच खाली असावी. छापील मापावर विसंबू नये.

कोबा घालण्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि अशा उन्हात पाणी झपाट्याने उडून पृष्ठभागावर बारीक जाळीदार तडे पडतात. सर्व सिमेंट एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच वेळी आणलेले असावे, कारण गोणीगणिक राखाडी छटा बदलते. ही छटा निळसर आणि थंड वाटत असेल तर थोडा पिवळा ऑक्साइड मिसळता येतो. परंतु आधी फूटभर लांबीरुंदीचा नमुना घालून, वाळवून, तो सकाळी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. जमिनीत चार भाग पडतील असे सांधे ठेवावेत. ५० मिलीमीटरच्या कोब्यात एकेक भाग दीड मीटरपेक्षा लांब नसावा. या सांध्यांत पितळी पट्ट्या बसवल्या तर लाकडाशी फार चांगले जमते, आणि त्यासाठी थोडा जास्त खर्च झाला तरी तो करावा, असे माझे मत आहे. घोटाई झाल्यावर जमीन गोणपाटाखाली ओली ठेवून दहा दिवस पाणी मारावे. ‘दोन दिवस पुरे’ म्हणणारा गवंडी भेटतोच. त्याचे ऐकू नये.

त्यानंतर महिनाभर वाट पाहावी. जमीन वाळली की नाही हे पाहण्यासाठी दीड फूट लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा; सकाळी आत थेंब दिसले किंवा खालची जागा गडद झाली असेल, तर सीलर, म्हणजे सिमेंटची बारीक छिद्रे बंद करणारा लेप, लावण्याची वेळ आलेली नाही. सीलर टाळण्याचा विचारही करू नये, कारण सिमेंट अल्कधर्मी असते आणि लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांतील आम्ल त्याला खाते. आमच्याकडे सीलरविना उरलेल्या एका कोपऱ्यात लिंबाची फोड तासभर पडून राहिली होती; तिचा पांढुरका गोल डाग आजही बोटाला खरखरीत लागतो. हळदीचा डाग मात्र दिसायला भयंकर असला तरी उन्हात हळूहळू फिका होतो.

आता लाकूड. सुताराला जमीन पूर्ण वाळल्यावरच घरात घ्यावे, नाहीतर ओलीवर ठेवलेले प्लाय फुगते. कपाटांचे खोके आयएस ७१० छापाच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ‘मरीन’ प्लायवूडचे असावेत, सिंकखाली तर एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला तक्ता) अजिबात नसावे. दर्शनी बाजूला सागाचे व्हिनिअर, म्हणजे चिकटवायचा पातळ पापुद्रा, आणि कडांना भरीव सागाच्या पट्ट्या एवढे पुरे; गुजरातेत वलसाडी साग सहज मिळतो. ताजा साग थोडा हिरवट आणि विटका दिसतो, पण उजेड लागला की काही महिन्यांत तो सोनेरी तपकिरी होतो, म्हणून दुकानातला नमुना पाहून निराश होऊ नये. खालची कपाटे, हाताला लागणाऱ्या कडा आणि एखादी उघडी मांडणी यांपुरते लाकूड ठेवावे; भिंती आणि वरची कपाटे फिकट दुधी रंगात ठेवावीत, म्हणजे खोली अंधारत नाही. दोनपेक्षा जास्त लाकडांच्या छटा एकत्र आणू नयेत. पॉलिश मॅट घ्यावे आणि पावसाळ्यापूर्वी, शक्यतो होळीपर्यंत उरकावे, कारण दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते. ज्यांचे घर बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या सखल काठावर आहे, त्यांना ऑगस्ट २०२४ चा पूर आठवत असेल. त्यांनी कपाटांना लाकडी पाय न देता स्टीलचे पाय द्यावेत आणि खालची पट्टी सहज काढता येईल अशी बसवावी. कोबा पाणी ओसरल्यावर धुऊन निघतो, प्लाय निघत नाही.

दिव्यांबाबत फार लिहिण्याजोगे नाही: छताला २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे, आणि ओट्यावर, वरच्या कपाटांखाली, भाजी चिरताना सावली पडणार नाही अशी दिव्यांची पट्टी. पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली सागही मेलेला दिसतो. रोजची जमीन साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावी. बाथरूमचे ॲसिड किंवा फरशी घासायची तिखट पावडर त्या खोलीत आणूच नये, आणि सीलरचा हात उतरला की, म्हणजे सांडलेला पाण्याचा थेंब टिकून न राहता शोषला जाऊ लागला की, तो पुन्हा एकदा द्यावा.