स्टेक म्हणजे सुकं चिकन नव्हे: घरी करताना या चुका टाळा

रविवारी रात्री आठ-साडेआठच्या सुमारास माझा फोन वाजला की मला कळतं, कुणाच्या तरी तव्यावर चिकन स्टेक आहे. भाचा असतो, शेजारची सून असते, नाहीतर माझ्याकडे शिकून गेलेली एखादी मुलगी. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले, आणि आतून दबक्या आवाजात प्रश्न: "वातड झालंय, आता काय करू?" आता काही करू नकोस. छातीचं बोनलेस एकदा वातड झालं की पुन्हा मऊ होत नाही. बारीक चिर, फ्राइड राइसमध्ये घाल आणि आधीपासून तेच ठरलं होतं असं सांग.

जुळे सोलापुरात मी घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेते. इथल्या बायकांचा आणि हल्ली पुरुषांचाही हात मटणावर बसलेला आहे, आणि स्टेकच्या वेळी तोच हात आडवा येतो. मटणाला जितका वेळ द्याल तितकं ते लुसलुशीत होतं. कोंबडीच्या छातीत मात्र विरघळून मऊ व्हावं असं काही नसतंच, चरबीही जवळपास नाही. आतलं तापमान ६५-७० अंशांच्या पुढे गेलं की तिचे तंतू आवळतात आणि स्वतःतलं पाणी पिळून बाहेर काढतात. लोक कापताना घाई करतात, मीठ लावताना घाई करतात, तवा तापायची वाट बघत नाहीत. आणि चिकन तव्यावर पडलं की मग निवांत होतात. "राहू दे अजून पाच मिनिटं, कच्चं नको राहायला." झालं सुकं चिकन.

दुकानातली चूक

"अर्धा किलो बोनलेस द्या" एवढंच म्हणून तुम्ही मोबाइल बघत उभे राहिलात, की चिकनवाल्याचा सुरा सवयीनं टिक्क्याचे तुकडे पाडून मोकळा होतो. आधीच सांगा: छातीचे अख्खे पीस, तुकडे नकोत. एकेक बाजू दीडशे ते दोनशे ग्रॅमची असेल तर उत्तम. फार मोठी घेऊ नका. झपाट्यानं वजन वाढवलेल्या भारी कोंबड्यांच्या छातीत कधीकधी लाकडासारखा कडकपणा असतो. कच्चा पीस बोटानं दाबला तरी कळतो. असा पीस तुम्ही काहीही करा, दाताखाली करकरतोच. तो बदलून घ्या किंवा खिमा करायला सांगा.

आणि पहिल्यांदाच करत असाल तर तंगडीचं बोनलेस घ्या. त्यात थोडी चरबी असते, दोन-तीन मिनिटं जास्त झाली तरी ते माफ करतं. हे सांगितलं की नवशिक्यांचे चेहरे पडतात, कारण व्हिडिओत छातीच असते.

जाडी, जाडी आणि जाडी

ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही अकरा माणसांसमोर. मिस्टरांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार होती. मी ऐटीत सांगून ठेवलं होतं की आज रस्सा-भाकरी नाही, आज स्टेक. छातीचे जाडजूड पीस आणले, धुतले, मसाला चोळला आणि तसेच्या तसे तव्यावर ठेवले. कोंबडीच्या छातीचा आकार बघा: एका टोकाला तीन-चार सेंटीमीटर, दुसऱ्या टोकाला करंगळीएवढी. पंधरा मिनिटांनी बारीक टोक वाळून चामडं झालं, वरून काळं पडलं, आणि जाड भाग कापून बघते तर आत गुलाबी, लिबलिबीत. पुन्हा तव्यावर. पुन्हा कापलं. शेवटी सगळ्याचे तुकडे केले, काळं तिखट घालून रस्सा उकळला आणि कपाटातल्या कडक भाकऱ्या काढल्या. मंडळी चाटूनपुसून जेवली. जाताना एक जण म्हणाले, "वहिनी, स्टेक असा असतो हे माहीत नव्हतं." मिस्टर अजून ते वाक्य ऐकवतात.

तेव्हापासूनचा माझा शिरस्ता असा. पीस पाटावर ठेवायचा, वर तळहात सपाट दाबायचा आणि धारदार सुरीनं आडवा चिरत न्यायचा. पूर्ण चिरलात तर दोन पातळ स्टेक होतात, कडेला जोडलेला ठेवलात तर वहीसारखा उघडतो. खाली जी वेगळी लांब पट्टी लोंबते ती काढा, तिच्यातली पांढरी शीरही ओढून काढा. मग दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन घ्या, तिच्यात पीस ठेवा आणि बत्त्यानं नाहीतर लाटण्यानं जाड बाजूकडून ठोका. जोर लावायचा नाही. चिकन आहे, शेंगदाणे नाहीत. सगळीकडून दीड सेंटीमीटर झालं की थांबा. या कामाला चार पिसांना दहा मिनिटं लागतात. "एवढं कोण करत बसणार" म्हणणाऱ्यांनी माझी रस्स्याची गोष्ट पुन्हा वाचावी.

तव्यात तळं

भाचा पुण्यात शिकतो, सुट्टीला सोलापुरात आला की मित्र जमवतो. ३१ डिसेंबरला रात्री नऊ वाजता फोन. "मावशी, तव्यात नुसतं पाणी सुटलालंय, चिकन पोहलालंय बघ." काय काय केलंस, विचारलं. चिकन नळाखाली धुतलं, तसंच निथळतं तव्यावर टाकलं. किती पीस? सहा. तवा केवढा? चपातीचा. तापवला होतास? "लावला की गॅस." म्हणजे थंड तव्यावर सहा ओले पीस दाटीवाटीनं. यातून स्टेक कसा होणार? पाणी उडून जाईपर्यंत तव्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि तो खमंग तांबूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. तोवर चिकन आपल्याच पाण्यात उकडून मोकळं होतं. त्याच्या मित्रांनी त्या रात्री पांढरंफटक, रबरासारखं काहीतरी टोमॅटो सॉसबरोबर खाल्लं.

आपल्या गावचे टॉवेल देशभर जातात आणि आपल्याच गावात चिकन पुसायचा कंटाळा! स्टेक पुसून अगदी कोरडा हवा, बोट लावलं तर ओल जाणवता कामा नये. टिश्यू वापरा किंवा जुन्या सुती कापडाचे तुकडे करून ठेवा आणि काम झालं की फेकून द्या. तेच फडकं ओट्यावर फिरवू नका. धुण्याबद्दल बोलायचं तर धुऊ नये हेच बरोबर. नळाखाली धुतलं की शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर होतात आणि चिकनमधले जंतू मरतात ते शिजल्यावरच. माझ्या आईला हे पटणार नाही, तुमच्याही पटणार नाही. मग निदान पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं बुडवा आणि बेसिन साबणानं घासून काढा.

तवा बिडाचाच घ्या. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं नुसता तापू द्या, पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा पळायला हवा. मग चमचाभर शेंगतेल. एका वेळी दोनच पीस, मध्ये दोन बोटांचं अंतर. चिकटलं म्हणून खरवडू नका, खालून पापुद्रा धरला की ते आपणच सुटतं. दीड सेंटीमीटरच्या पिसाला पहिली बाजू साधारण चार मिनिटं, दुसरी तीन. आठ माणसं असतील तर चार खेपा होतील. होऊ द्या, पाहुण्यांना तोवर शेंगदाण्याची भेळ द्या.

मीठ आयत्या वेळी

तव्यावर ठेवायच्या पाच मिनिटं आधी मीठ लावलं तर ते पाणी वर खेचतं आणि आत शिरायला त्याला वेळच मिळत नाही. अर्ध्या किलोला सपाट एक चमचा बारीक मीठ चोळून किमान चाळीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभर राहिलं तर फारच छान. काही जणांना मिठाचं पाणी आवडतं: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, पाऊण तास, मग पुसून कोरडं. मला कोरडं चोळणंच बरं वाटतं, पुसायचं काम कमी होतं.

आलं-लसणाचा लेप

तंदुरीची सवय. तापलेल्या बिडावर लसूण, तिखट, मध, सॉस सगळं मिनिटभरात जळतं आणि कडू होतं. स्टेकला आधी मीठ पुरे. मिरी शेवटी कुटून घाला. लसूण हवाच असेल तर शेवटच्या मिनिटाला लोण्याचा गोळा आणि ठेचलेल्या दोन पाकळ्या तव्यात टाका, ते लोणी चमच्यानं वरून सोडत राहा. लोणी आधीपासून घातलंत तर तेही काळं होतं.

कच्ची पपई लावून रात्रभर ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. सकाळी त्यांना पिठल्यासारखं काहीतरी सापडतं, तेवढी शिक्षा पुरे. लिंबू अर्ध्या तासाच्या वर नको.

व्हिडिओतलं हवामान

परदेशी व्हिडिओत सांगतात, चिकन तासभर बाहेर ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. त्यांची खोली २० अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो आणि स्वयंपाकघर त्याहून तापलेलं. त्या उकाड्यात तासभर बाहेर ठेवलेल्या चिकनमध्ये जंतूंची जत्रा भरते. ठोकून पातळ केलेल्या पिसाला बाहेर ठेवायची गरजच नाही. फ्रीजमधून काढा, पुसा, तव्यावर टाका.

गोठलेलं चिकन "थंड पाण्यात" सोडायचा सल्लाही असाच. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात चहा होईल. आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात तर घट्ट बांधलेल्या पिशवीसकट बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं पाणी बदला.

झालं की नाही?

रंगावर जाऊ नका. पूर्ण शिजलेलं चिकनही कधी गुलाबीसर दिसतं आणि पांढरं दिसणारं कधी आत कच्चं असतं. सुरीनं कापून बघणं ही तर सर्वांत वाईट खोड, दर वेळी रस सांडतो. टोचायचा थर्मामीटर घ्या; वर्षाला दोन मिक्सरची भांडी घेणाऱ्या घरात तो परवडतो. आतून ७४ अंश म्हणजे निर्धोक. मी ७२ ला उतरवते आणि ताट पालथं झाकते, पाच मिनिटांत काटा ७४ वर येतो. नाही आला तर अर्धा मिनिट पुन्हा तव्यावर. थर्मामीटर नसेल तर सात मिनिटांच्या हिशेबाला चिकटून राहा आणि एकच पीस सगळ्यांत जाड भागात कापून बघा, तो तुमचा.

ती पाच मिनिटं कुणालाही हात लावू देऊ नका. आमच्याकडे मिस्टर काटा घेऊन ओट्यापाशी उभे असतात, म्हणून मी ताटावर वरवंटा ठेवते. तेवढ्यात तव्याला चिकटलेल्या तांबूस खरवडीत अर्धी वाटी पाणी, कुटलेली मिरी आणि लोणी घालून सॉस करून घ्या. तो तवा घासायला टाकणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही. कापताना रेषांच्या आडवं कापा.

उरलंच तर उन्हाळ्यात तासाभरात फ्रीजमध्ये जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तव्यावर तापवू नका, त्यात राहिलेला रसही जाईल. गारच हातानं तोडायचं, दही आणि शेंगाचटणी कालवायची आणि कडक भाकरीच्या तुकड्यावर घ्यायचं. मी दोन पीस मुद्दाम जास्त करते ते त्यासाठीच.