आधी ड्राय फुर्मिंट, मग असू

बुडापेस्टमधल्या एका वाइन बारमध्ये मी काम करते. हॉटेल मॅनेजमेंट किंवा वाइनचा कोर्स करायला इकडे आलेली आपली मुलं भेटतात, तेव्हा बहुतेकांना आधी ‘असू’च, म्हणजे हंगेरीतल्या टोकाय या भागातली प्रसिद्ध गोड वाइनच, चाखायची असते. नाव ऐकलेलं असतं, शिवाय गोड वाइन घशाखाली चटकन उतरते. माझं म्हणणं उलटं आहे. हंगेरीची वाइन समजून घ्यायची तर आंबटपणापासून सुरुवात करा, आणि त्यासाठी ड्राय फुर्मिंटसारखी, म्हणजे टोकायच्याच फुर्मिंट या पांढऱ्या द्राक्षाच्या बिनगोड वाइनसारखी, मास्तरीण नाही. लेबलवर ‘साराझ’ लिहिलेलं असेल तर ती ड्राय, ‘एदेश’ असेल तर गोड; दुकानात शिरण्यापूर्वी एवढं पाठ असू द्या.

घोट तोंडभर फिरवा, थुंका आणि गप्प बसा. (थुंकायला लाजू नका. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, आणि न थुंकणाऱ्याला चौथ्या ग्लासनंतर सगळ्याच वाइन छान लागतात.) आता जिभेच्या कडांकडे लक्ष द्या. लाळ सुटायची किती वेळाने थांबते? चांगल्या फुर्मिंटनंतर ती बराच वेळ सुटत राहते. नाशिकची चेनिन ब्लां नीट चाखलेली असेल, तर हा आंबटपणा ओळखायला सोपा जातो.

वास ओळखणं मात्र अवघड. फुर्मिंटच्या वर्णनात क्विन्स हे फळ हमखास येतं आणि आपण ते आयुष्यात पाहिलेलं नसतं. ऑक्टोबरात फोवाम चौकातल्या मोठ्या मंडईत जा आणि ‘बिर्शआल्मा’ मागा. पिवळं, ओबडधोबड, सालीवर करडी लव असलेलं फळ मिळेल. कच्चं खाऊ नका, तोंड तुरट होऊन जातं. खोलीत टेबलावर ठेवा आणि येता-जाता हुंगा. हार्शलेवेल्यू या दुसऱ्या टोकाय द्राक्षासाठी जूनमध्ये रस्त्याकडेच्या लिंडनच्या फुलांचा वास घ्या. पुस्तकातली सुगंधाची यादी घोकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

एवढं झालं की असूकडे वळा. बोद्रोग आणि तिसा नद्यांवरून शरद ऋतूत धुकं येतं, द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते, दाणे सुकून आक्रसतात. ते एकेक करून वेचतात आणि रसात किंवा वाइनमध्ये भिजवतात. पूर्वी साधारण 25 किलोची पुट्टोन्य ही पाठीवरची टोपली आणि 136 लिटरचं गोन्त्सचं पिंप, यांवर गोडीचं माप ठरे. आजच्या नियमानुसार असूमध्ये लिटरला किमान 120 ग्रॅम साखर हवी, लेबलवर ‘सहा पुट्टोन्योश’ (सहा टोपल्यांची) लिहायचं तर 150. आकडा ऐकून गुलाबजामचा पाक आठवेल, पण घोट घेतल्यावर तसं वाटत नाही, कारण खाली तोच फुर्मिंटचा आंबटपणा असतो. तो आधी ओळखीचा झालेला असला, तरच गोडी-आंबटपणाचा हा तोल कळतो. एसेन्सिया, म्हणजे त्या सुकलेल्या दाण्यांतून आपोआप गळणाऱ्या रसाची वाइन, तर चमच्यानेच देतात. तिच्यात लिटरला किमान 450 ग्रॅम साखर असते.

डब्ल्यूएसईटी या वाइन-शिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमात हंगेरी म्हणजे मुख्यतः टोकाय. बाकीचा देश ग्लासातूनच शिकावा लागतो. शोम्लोच्या विझलेल्या ज्वालामुखीवरच्या युहफार्क या पांढऱ्या द्राक्षाची वाइन कडक, खारट वळणाची; मला ती फार आवडते, नवख्यांना बहुधा नाही. बादाचोन्य भागातल्या केकन्येल्यू या द्राक्षाची फुलं फक्त मादी, त्यामुळे परागीकरणासाठी शेजारी दुसरी जात लावावी लागते. लाल वाइनमध्ये बिकावेर (‘बैलाचं रक्त’) हे नाव फक्त एगेर आणि सेकसार्ड या भागांना वापरता येतं, आणि तिचा कणा असतो केकफ्रांकोश हे द्राक्ष. एगेरच्या 1552 च्या वेढ्यात सैनिकांनी बैलाचं रक्त प्यायल्याची अफवा उठली, ही गोष्ट पर्यटकांना सांगायला बरी. कादार्का ही दुसरी लाल वाइन हलकी असते, थोडी गार करूनच द्या.

इथे नोकरी करणार असाल तर फ्रोचचे, म्हणजे सोडा घातलेल्या वाइनचे, प्रकार पाठ हवेत. उन्हाळ्यात निम्मी ऑर्डर त्याचीच असते. नॉयफ्रोच म्हणजे दोन डेसिलिटर वाइन आणि एक डेसिलिटर सोडा. होसूलेपेशमध्ये नेमकं उलट. इथे उत्तम वाइनमध्ये सोडा घातला म्हणून कुणी नाक मुरडत नाही, पण जुनी असू मात्र त्यात ओतू नका.

टोकायला जायचं तर बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून रेल्वेने जा. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलचा अंशही इथे चालत नाही.