डोमेन होस्टिंगला जोडताना नेमसर्व्हरला हात लावू नका

साइटला एक नाव लागतं आणि एक जागा. नाव म्हणजे डोमेन. ते रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, वर्षाच्या बोलीवर मिळतं. जागा म्हणजे होस्टिंग, चोवीस तास चालू असणाऱ्या सर्व्हरवरची भाड्याची जागा. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतली तरी काही बिघडत नाही.

डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. साइट करून देणारा ‘माझ्याच खात्यात घेऊन टाकतो’ म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. आणि रजिस्ट्रारकडे त्याच डोमेनवरचा ईमेल नोंदवू नका. नूतनीकरण राहिलं की डोमेन बंद, त्याबरोबर ईमेलही बंद. मग पैसे भरा म्हणून सांगणारं पत्र येणार कुठे?

होस्टिंग शेअर्ड घ्या, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक साइट; दुकानाच्या साइटला तेवढं पुरतं. ‘अनलिमिटेड’ला भुलू नका, मर्यादा अटींमध्ये लपलेल्या असतात. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये सर्व्हरचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, दिसेल, २०३.०.११३.१० अशा धर्तीचा. तो टिपून ठेवा.

खरी गोम पुढे आहे. ब्राउझरला सर्व्हर गाठायचा तर आयपी पत्ता हवा. नावावरून तो शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस ह्या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने ती आखली. त्याआधी सगळ्या नावांची एकच फाइल असे आणि जो तो ती उतरवून घेई. आता प्रत्येक डोमेनची आपली वेगळी वही असते. वही ठेवणारा सर्व्हर म्हणजे नेमसर्व्हर, वहीतली एकेक ओळ म्हणजे रेकॉर्ड. ए रेकॉर्डमध्ये साइटचा आयपी पत्ता, एमएक्समध्ये ईमेल घेणाऱ्या सर्व्हरचं नाव, टीएक्सटीमध्ये ‘ह्या डोमेनचा ईमेल कोण पाठवू शकतो’ वगैरे मजकूर.

‘नेमसर्व्हर बदला आणि ४८ तास थांबा’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो ऐकलात की एक ओळ नाही, अख्खी वहीच बदलते. नव्या वहीत जुना एमएक्स नसतो. माझ्या ओळखीच्या एका आंबा बागायतदाराचं ऐन एप्रिलमध्ये असंच झालं. नवी साइट झकास दिसत होती, पण ईमेल तिसऱ्याच कंपनीकडे होता आणि त्याची ओळ जुन्या वहीत राहिली. ऑर्डरी येईनात. मागणी मंदावली असेल असं समजून घरचे गप्प! ईमेल बंद पडल्याचं ईमेलने कळत नाही.

म्हणून साइट नव्या होस्टिंगवर नेताना फक्त ए रेकॉर्ड बदला. आधी डीएनएसच्या पानाचा, म्हणजे जिथे ह्या सगळ्या ओळी दिसतात त्याचा, स्क्रीनशॉट काढा. एमएक्समध्ये तुमचंच डोमेन लिहिलेलं दिसलं तर थांबा. ईमेलही जुन्या होस्टिंगवरच आहे आणि ए रेकॉर्डबरोबर तोही हलेल. त्याची सोय आधी लावा.

मग टीटीएल बघा. जगभरचे डीएनएस सर्व्हर तुमचं उत्तर किती सेकंद जपून ठेवतील, तो हा आकडा. ८६,४०० असेल तर अख्खा एक दिवस. तो ३०० करा, जुनी मुदत उलटू द्या आणि मगच पत्ता बदला. पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना नवी साइट दिसते. ‘बदल जगभर पसरायला वेळ लागतो’ म्हणतात, पण पसरत काहीच नाही; जपलेली जुनी उत्तरं शिळी व्हायची वाट बघायची असते. ते ४८ तासही तिथलेच: डॉट कॉमच्या नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो.

@ ह्या खुणेचा ए रेकॉर्ड म्हणजे मुख्य नाव, तिथे नवा पत्ता टाका. तिथे सीनेम, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी ओळ, टाकायला जाऊ नका, नियमात बसत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला मात्र सीनेम द्या आणि तो मुख्य नावाकडे वळवा.

क्वाड-ए रेकॉर्ड हमखास नजरेतून सुटतो. पॅनेलमध्ये तो AAAA असा दिसतो आणि त्यात आयपीव्ही६ पत्ता, म्हणजे नव्या, लांब धर्तीचा आयपी पत्ता, असतो. जुना तसाच राहिला तर ऑफिसच्या वायफायवर नवी साइट आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जुनी, असा घोळ होतो, कारण आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरतात. नव्या होस्टिंगने तसा पत्ता दिला नसेल तर ती ओळ काढूनच टाका.

एसएसएल, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधली देवाणघेवाण गुप्त ठेवणारी सोय (पत्त्यातलं https), ए रेकॉर्ड लागू झाल्यावरच चालू करा. आधी बटण दाबलंत तर एरर येईल. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ह्या सेवेकडून फुकट मिळतं, विकतचं घेऊ नका.

शेवटी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा, बाहेरच्या खात्यावरून स्वतःच्या डोमेनवर एक ईमेल पाठवा, आणि तो आला की टीटीएल परत ३,६०० करा. जुनं होस्टिंग आणखी आठवडाभर तरी चालू ठेवा.