लोहाचा रेणू-चुंबक: आधी भूमिती, मग स्पिन

रेणू-चुंबक म्हणजे एकटाच चुंबकासारखा वागणारा रेणू. तो बनवताना सुरुवातीला मीही स्पिनच्याच, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित चुंबकीय जोराच्याच, मागे धावले. जास्त लोह-अणू, जास्त मोठा चुंबक, असा भाबडा हिशेब. पण आठ लोहांच्या रेणूत स्पिन १० असूनही अडथळा, म्हणजे चुंबकाची दिशा उलटायला लागणारी ऊर्जा, जेमतेम २५ केल्विनच्या आसपास. अडथळा स्पिनच्या वर्गाबरोबर वाढतो खरा, पण असमदिशता, म्हणजे स्पिनची ठरावीक दिशेकडची ओढ, जिचं माप 'डी', त्याच वेळी घसरते.

म्हणून आधी 'डी' धरा, आणि तो ऋणच हवा, म्हणजे स्पिन एकाच अक्षाला धरून राहतो.

चार लोहांच्या ताऱ्यासारख्या रेणूवर हात बसवणं सोपं. प्रत्येक लोहाचा स्पिन ५/२. मधला अणू बाहेरच्या तिघांच्या उलट दिशेला, म्हणून १५/२ वजा ५/२, स्पिन ५. इथे लोहांना जोडणारे छोटे मेथॉक्साइड गट काढून तीन पायांचा अल्कॉक्साइड लिगँड (धातूला धरून बसणारा गट) बसवा. पंख्यासारखा पीळ वाढतो, 'डी' वाढतो, स्पिन तसाच राहतो.

एकच लोह घ्यायचं तर लिगँड कमी करा. दोनच कार्बनांमध्ये सरळ रेषेत बसलेल्या एक-संयुजी लोहाचा अडथळा २०१३ साली २२६ प्रति सेंटीमीटर (सुमारे ३२५ केल्विन) नोंदला गेला. त्याचा स्पिन ३/२. अर्ध-पूर्णांक असल्यामुळे शून्य चुंबकीय क्षेत्रात टनेलिंग (अडथळा न चढता आरपार उलटणं) आपोआप दबतं. द्वि-संयुजी लोहाला बहुधा बाहेरून थोडं क्षेत्र द्यावंच लागतं. शेजारच्या रेणूंचा त्रास असेल तर जस्ताच्या समरूप (तशाच रचनेच्या, पण अचुंबकीय) संयुगात मिसळून स्फटिक वाढवा.

मोजताना भुकटी आयकोसेनमध्ये (मेणासारखा पदार्थ) गोठवा, नाहीतर कण क्षेत्राकडे वळतात. आणि स्फटिक फिल्टरवर विसरू नका. माझे एकदा राहिले, द्रावक उडाला, चकाकी गेली आणि एसी आलेखात (दिशा बदलत्या क्षेत्रातल्या मोजणीत) एका शिखराची दोन झाली.